शेवटच्या सेकंदाची बोली

ईबेवरचा लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो. म्हणून मुरलेलं गिऱ्हाईक आठवडाभर गप्प बसतं आणि अखेरच्या क्षणी बोली टाकतं. समोरच्याला उत्तर द्यायला सवडच उरत नाही. याला 'स्नायपिंग' म्हणतात. अर्थात, ऐनवेळी नेट रेंगाळलं तर हात चोळत बसायचं!

ॲमेझॉनच्या जुन्या लिलावांत मात्र शेवटच्या १० मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा अखेरची झुंबड ईबेवरच जास्त दिसली.

खोड तशी जुनीच. लंडनमध्ये मेणबत्ती विझेपर्यंत लिलाव चालत. विझताना धूर खाली वळतो, हे हेरून एक चतुर बोलीदार नेमकी वेळ साधायचा, अशी नोंद सॅम्युएल पेपिसच्या १६६२च्या रोजनिशीत आहे.