गंगबलच्या बर्फापर्यंत : बारा जणांचा सफरनामा

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या घरांतले प्रवास बहुधा ठरलेले असतात. मुलांचं आजोळ, नातलगांची लग्नं, एखादा उर्स, फार तर चार दिवस महाबळेश्वर. अलीकडे काश्मीरला जाणारी कुटुंबंही वाढली आहेत. पण शिकारा, गुलमर्ग आणि शालींची खरेदी झाली की त्यांचं काश्मीर संपतं. पाठीवर सामान घेऊन डोंगर चढायचा, तंबूत मुक्काम करायचा, आणि त्यात घरातल्या स्त्रियांनीही बरोबरीने चालायचं, ही गोष्ट आपल्याकडे अजून नवीन आहे. ती जमते का, तिला काय लागतं आणि ती कुठे अडते, हे वाचकांना कळावं म्हणून हा सफरनामा.

आम्ही बारा जण होतो. सात पुरुष, पाच स्त्रिया. बहुतेक शिक्षकी पेशातले, एक परिचारिका, एक बी.एड. करणारी मुलगी. सर्वांत वडील म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बेगम. आम्ही सगळे त्यांना चाचा-चाची म्हणतो. जायचं ठरलं ते गंगबल तलावाला. श्रीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, गांदरबल जिल्ह्यात, नारानाग नावाचं गाव आहे. तिथून पायी वर चढलं की हरमुख पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे ३५७५ मीटर उंचीवर हा तलाव आहे.

या वाटेचा खरा हंगाम जुलै ते सप्टेंबर. तेव्हा बर्फ वितळलेला असतो, कुरणं फुलांनी भरलेली असतात. पण शिक्षकांना जुलैमध्ये सुट्टी कोण देणार? आमच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे जायचं तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, वर बर्फ असतानाच. हंगामाआधी जायचं म्हणजे तयारी दुप्पट करायची, असं आम्ही आधीच ठरवून टाकलं.

तयारी

दोन महिने दर रविवारी फजरनंतर आम्ही सिंहगड चढलो. पहिल्या रविवारी रिकाम्या हाताने, मग पाठीवर तीन किलो, मग सहा. एकदा कळसूबाईही करून आलो. कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. श्रीनगर शहरच १५८५ मीटरवर वसलेलं आहे. म्हणजे आपला डोंगर जिथे संपतो, जवळपास तिथून त्यांचं शहर सुरू होतं. हा हिशेब फळ्यावर मांडल्यासारखा समोर आला तेव्हा गटातली थट्टामस्करी जरा कमी झाली.

उंचीवर हवा विरळ होत जाते. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश राहतो. फुप्फुसं तीच, श्वास तोच, पण त्यातून मिळणारा प्राणवायू कमी. शरीराला याची सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ पैशांनी विकत घेता येत नाही. म्हणून आम्ही श्रीनगरला दोन रात्री, नारानागला एक आणि चढाच्या मध्यावर एक अशा रात्री काढायचं ठरवलं. घाई करणारे लोक हीच वाट एका दिवसात चढतात.

तिघे जण प्रवासाला निघाले तरी त्यांनी आपल्यातला एक अमीर नेमावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण. आम्ही आमच्यातल्या क्रीडाशिक्षकांना अमीर केलं आणि एक गोष्ट सर्वांकडून कबूल करून घेतली : कुणाला बरं वाटेनासं झालं तर त्याने लपवायचं नाही, आणि अमीर व वाटाड्या मिळून सांगतील ते वाद न घालता ऐकायचं.

नारानाग ते त्रुनखोल

नारानाग २१२८ मीटरवर आहे. गावात आठव्या शतकातल्या दगडी मंदिरांचे अवशेष आहेत. ती राजा ललितादित्याच्या काळातली मानली जातात. शेजारी झऱ्याचं कुंड, त्यापलीकडे खळाळणारा वांगथ नाला आणि लगेच देवदारांचा उभा चढ. गंगबल काश्मिरी पंडितांसाठी पवित्र आहे. भाद्रपदात त्यांची यात्रा याच वाटेने वर जाते. खाली वांगथच्या बाजूला गुज्जर लोकांची श्रद्धा असलेला बाबानगरीचा दर्गा. एकाच नाल्याच्या काठी दोन्ही वाटा चालत आल्या आहेत.

तंबू आणि स्वयंपाकाचं सामान घोड्यांवर होतं. आपलं अंथरूण, कपडे, पाणी, खाणं मात्र प्रत्येकाच्या पाठीवर. साधारण आठ किलो. पहिले तीन तास नुसता चढ. आमचा वाटाड्या गुज्जर, चाळिशीतला, कमी बोलणारा. तो इतका हळू चालायचा की आमच्यातल्या तरुणांना राग यायचा. बोलता बोलता धाप लागली म्हणजे वेग जास्त झाला, एवढं एकच वाक्य त्याने सकाळभरात उच्चारलं. ते आम्ही वर्गात शिकवावं इतकं खरं आहे.

झाडी संपली की बुथशेरीचं कुरण लागतं. तिथे रात्र काढली. प्रवासी असल्याने नमाज कसर. चार रकातींच्या जागी दोन. किब्ल्याची दिशा काढताना एक गंमत समजली. पुण्यात आपण पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे, म्हणजे जरा उजवीकडे वळून उभे राहतो. काश्मीर मक्केच्या इतकं उत्तरेला आहे की तिथे पश्चिमेपासून जरा डावीकडे, दक्षिणेकडे वळावं लागतं. बी.एड. करणाऱ्या मुलीने लगेच वहीत आकृती काढली. नकाशा समजायला याहून चांगला धडा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्रुनखोलला पोहोचलो. हिरवं पठार, मध्ये नाला, सावलीच्या बाजूला बर्फाचे मोठे पट्टे आणि गुज्जरांची लाकूड-मातीची ढोकं. समोर हरमुख, ५१४२ मीटर. १८५६ साली मोजणी खात्याचा अधिकारी माँटगोमेरी याच हरमुखवर चढला होता. तिथून त्याला दोनशेहून अधिक किलोमीटरवर काराकोरमची दोन उंच शिखरं दिसली. त्याने वहीत त्यांना के-१ आणि के-२ अशी नावं दिली. के-१ला पुढे माशेरब्रुम हे स्थानिक नाव लागू झालं. के-२ आजही त्याच कच्च्या नावाने जगभर ओळखलं जातं.

हे सगळं आम्हाला सांगत होते ते चाचा. सांगता सांगता ते थांबले आणि दगडावर बसले.

चाचांचा निर्णय

डोकं सकाळपासून दुखत होतं, हे त्यांनी तिथे सांगितलं. मग उलटी झाली. जेवणाची इच्छा नाही, चेहरा उतरलेला. परिचारिका भगिनींनी नाडी पाहिली, सरळ रेषेत चालायला सांगितलं. चाल ठीक होती, बोलणं स्पष्ट होतं. म्हणजे उंचीचा त्रास सुरुवातीच्या टप्प्यावर होता. अशा वेळी आणखी वर जायचं नाही हा पहिला नियम. त्रास वाढत असेल तर थांबायचंही नाही, खाली उतरायचं. चाल डगमगली, बोलणं विसंगत झालं किंवा बसल्या जागी दम लागला, तर मग क्षणभरही वाट पाहायची नाही.

चाचा म्हणाले, "एक गोळी घेतो, झोपतो. सकाळी बरा होईन. तलाव तासाभरावर आहे."

कुणाला बोलवेना. ज्यांनी आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी हजेरीपट कसा लिहायचा ते शिकवलं, त्यांना परत जा कसं सांगायचं? अमीर वयाने त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. तासभर वाट पाहिली, डोकेदुखी वाढली. तेव्हा ते चाचांजवळ बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, तुम्हीच कबूल केलं होतं." चाचांनी थोडा वेळ हरमुखकडे पाहिलं. मग स्वतःच टोपी घातली आणि उठले.

अंधार पडायला चार तास होते. एक तरुण शिक्षक आणि एक घोडेवाला त्यांच्याबरोबर बुथशेरीला उतरणार असं ठरलं. चाचीही सामान भरू लागल्या. चाचांनी त्यांना थांबवलं. दोघंही उतरली तर दोघांचंही राहील, असं त्यांचं म्हणणं. चाची काही केल्या ऐकेनात. शेवटी असं ठरलं की घोडेवाला रात्री निरोप घेऊन परत येईल. निरोप बरा नसेल तर पहाटे आम्ही सगळेच खाली उतरू.

ती संध्याकाळ लांबली. गुज्जर कुटुंबाने नमकीन चाय आणि मक्याची रोटी दिली. आमची डाळ काही शिजेना. त्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळतं, त्यामुळे डाळीला वेळ लागतोच. चाची तंबूबाहेर तसबीह घेऊन बसून होत्या. रात्री नऊनंतर घोडेवाला आला. चाचांच्या वळणदार उर्दू अक्षरांत चिठ्ठी होती. डोकं जवळजवळ थांबलं आहे, भात खाल्ला आहे, कुणीही खाली येऊ नये. खाली तीन प्रश्न, परीक्षेच्या पेपरसारखे क्रमांक घालून : तलावात पाणी कुठून येतं? ते कुठे जातं? आणि काठावर कोण राहतं, त्यांची मुलं शिकतात का? उत्तरं चाचींनी आणावीत.

चाची हसल्या. मग त्यांनी परिचारिका भगिनींकडून बूट आणि काटे बांधायची पद्धत पुन्हा शिकून घेतली.

बर्फावरून

वाटाड्याचं म्हणणं होतं की फजर पढून उजाडताच निघायचं आणि दुपारच्या आत परतायचं. रात्री बर्फ गोठून घट्ट होतो. ऊन चढलं की वरून मऊ आणि खालून पोकळ होत जातो. नाल्यावर बर्फाचे पूल तयार झालेले असतात. त्यांच्याखालून पाणी वाहत असतं आणि ते आतून बर्फ कोरत असतं. वरून ते रस्त्यासारखे दिसतात, हाच धोका.

एके ठिकाणी वाटाड्याने काठी खुपसून पाहिली, मान हलवली आणि आम्हाला अर्धा तास वर चढवून रुंद, उथळ जागी नेलं. तिथेही एकेक करून, दोघांत दहा पावलांचं अंतर ठेवून पार केलं. दोघा तरुणांना पहिली जागाही चालली असती असं वाटत होतं. परतताना अकराच्या सुमारास आम्ही तिथे आलो तेव्हा त्या पुलाचा मधला भाग कोसळून नाल्यात गेलेला होता. त्यावर कुणीच काही बोललं नाही.

आधी नुंदकोल लागतो, हरमुखच्या अगदी पायाशी. मग एक उंचवटा, आणि पलीकडे गंगबल. अडीच किलोमीटर लांब. अर्ध्याहून अधिक पृष्ठभागावर राखाडी-पांढरा बर्फ, त्याला भेगा, आणि काठाजवळच्या मोकळ्या पाण्यात काळा-निळा रंग. वारा सुटला की बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासून काचेसारखे किणकिणत. चाची काठावर उभ्या राहिल्या. खूप वेळाने त्यांनी फक्त "सुब्हानल्लाह" म्हटलं आणि वही मागितली.

पहिलं उत्तर समोरच होतं : हरमुखच्या हिमनद्या आणि वितळणारा बर्फ. दुसरं वाटाड्याने सांगितलं : गंगबलमधून नुंदकोलमध्ये, तिथून वांगथ नाल्यात, मग सिंध नाल्यात आणि पुढे झेलममध्ये. त्यापुढचं आम्ही पाठ्यपुस्तकातून जोडलं : झेलम चिनाबमध्ये, चिनाब अखेर सिंधूत आणि सिंधू अरबी समुद्रात. ज्या समुद्राला आपण मुंबई-रत्नागिरीत पाहतो, तोच.

तिसऱ्या उत्तरासाठी त्रुनखोलच्या ढोकांत परत यावं लागलं. गुज्जर-बकरवाल कुटुंबं हिवाळा खाली काढतात आणि उन्हाळ्यात जनावरांसह या कुरणांवर येतात. १९९१ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या मुलांसाठी सरकारच्या फिरत्या आणि हंगामी शाळा आहेत. शिक्षकही त्यांच्या मागोमाग वर येतो. इथले मास्तर अजून यायचे होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उर्दूचा कायदा घेऊन आली आणि चाचींच्या शेजारी बसली. घरात गोजरी बोलते. कानाला ती राजस्थानीच्या जवळची वाटते. तिने अलिफपासून अर्धं पुस्तक धडाधड वाचून दाखवलं. तिथे अडली, तर चाचींनी तिला पुढचा शब्द सांगितला नाही. तोडून वाचायला लावला. तिला तो जमला. बाकीच्या मुलांनी मग रांगच लावली.

बुथशेरीला चाचा वाट पाहत उभे होते. चेहरा टवटवीत. त्यांनी वही घेतली, उत्तरं वाचली आणि तिसऱ्या उत्तरापाशी बराच वेळ थांबले.

जाणाऱ्यांसाठी

जूनच्या सुरुवातीला जायचं असेल तर स्थानिक, अनुभवी वाटाड्या हवाच, आणि त्याने परत फिरा म्हटलं तर फिरायची मनाची तयारी हवी. जाण्याआधी मार्ग खुला आहे का, याची प्रशासनाकडे चौकशी करा. परिस्थितीनुसार वाटा बंद ठेवल्या जातात. ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात असावं. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं तिथे चालत नाहीत, आणि वर तर कुठलाच फोन लागत नाही. घरी तसं सांगून निघा. बर्फावर काळा चष्मा डोळ्यांसाठी अत्यावश्यक, ढगाळ दिवशीही. कोरडे मोजे दोन जोड जास्त घ्या. चामडी मोज्यांवर मसह करायची प्रवाशाला तीन दिवस-तीन रात्रींची सवलत आहे. गोठलेल्या पाण्याशेजारी तिची किंमत कळते. रक्तदाब, दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कचरा परत खाली आणा; ते पाणी खाली हजारो लोक पितात.

आणि घरातल्या स्त्रियांना मागे ठेवू नका. आमच्या पाचही भगिनी तलावापर्यंत पोहोचल्या. त्यांना लागलं ते दोन महिन्यांचा सराव, बरे बूट आणि घरातून मिळालेलं एक वाक्य : तू जाऊन ये.