सायकल काढा, सूर्येच्या काठाने चला

घरची सायकल आपण कशाला वापरतो? दळण आणायला, दुधाची किटली पोचवायला, बाजाराला जायला. सहल म्हटली की आपल्याला एस.टी. नाहीतर जीप आठवते. पण भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला की एक दिवस हीच सायकल घेऊन नदीच्या वरच्या अंगाला निघून पाहा. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडपासून सूर्या नदीच्या खोऱ्यातून धामणी धरणाकडे जाणारी वाट त्यासाठी अगदी योग्य आहे. मोटारीतून नुसता देखावा दिसतो. सायकलवर चढ पायांना कळतो, आणि पाणी कुठून येते, कुठे जाते हेही डोळ्यांना दिसते.

कोसबाडची टेकडी

पहाटे निघण्यापूर्वी टेकडीवर दोन मिनिटे उभे राहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे याच टेकडीवर आणले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाकडे न्यायची, हा त्यांचा विचार. म्हणून गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली आणि पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरली. गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्रही इथलेच. ते १९७६ पासून शेतकऱ्यांच्या उपयोगी पडत आले आहे.

टेकडीच्या पश्चिमेला घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या. या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याला मात्र पूर्वेला जायचे आहे.

गंजाड ते कासा

टेकडी उतरून डहाणू-जव्हार रस्त्याला लागा. वाटेत गंजाड लागते. वारली चित्रकला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे या गावचे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांच्या चित्रांतली माणसे, भाताची खाचरे, ताडाची झाडे या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना दिसत राहतात.

पुढे चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा येतो. तो फक्त ओलांडायचा. त्यावर सायकल चालवायची नाही. याच महामार्गावरच्या सूर्येच्या पुलावर २०२२ साली उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. मुले बरोबर असतील तर सायकलवरून उतरून, हात धरून रस्ता ओलांडा. उत्तरेला महालक्ष्मीचा सुळका दिसेल. चैत्रात हनुमान जयंतीपासून पंधरा दिवस तिथे देवीची मोठी जत्रा भरते.

कासा आले की न्याहारी करा. इथून सूर्येची सोबत सुरू होते.

डोंगर जवळ येतात तिथे

कासा सोडून धामणीकडे वळलात की चढ-उतार वाढतात. डोंगर दोन्हीकडून जवळ येतात आणि मधून नदी खळाळत जाते. धरण अशाच जागी बांधतात: भिंत आखूड पुरते आणि मागे पाणी मात्र दूरवर साठते. जव्हारच्या डोंगरांत चार महिने कोसळणारा पाऊस धामणीला अडतो. खाली कवडासचा बंधारा हे पाणी उजव्या आणि डाव्या कालव्यात वळवतो. कालव्याला पाणी असेल त्या भागात पौष-माघातही शिवार हिरवे दिसते, आणि कालवा नाही तिथे भात निघाल्यावर रान मोकळे पडते. हा फरक सायकलवरून जाताना ठळक जाणवतो.

या पाण्याची दुसरी बाजूही पाहून घ्या. धरणासाठी आदिवासी गावे उठली. त्यांतल्या कुटुंबांना चंद्रनगर, हनुमाननगर येथे वसवले. सूर्येचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठीही ठरवले आहे. त्यासाठीची एकच योजना दिवसाला ४० कोटी ३० लाख लिटरची आहे. शहरातल्या माणसालाही तहान आहेच. पण ज्यांची जमीन पाण्याखाली गेली आणि ज्यांची शेते कालव्याच्या टोकाला आहेत, त्यांचा वाटा आधी ठरला पाहिजे, ही इथल्या लोकांची मागणी जुनी आहे. काठावर बसून भाकरी खाताना मुलांना हे जरूर सांगा.

निघण्यापूर्वी

आदल्या दिवशी हवा, ब्रेकची रबरे आणि साखळीचे तेल पाहा. पंप, पंक्चरचे सामान, पान्हा आणि एक जादा ट्यूब बरोबर असू द्या. उतारावर मागचा ब्रेक आधी दाबा. नुसता पुढचा जोरात दाबलात तर सायकल उलटू शकते. धरणाच्या खाली पात्रात पोहायला उतरू नका, वरून पाणी सोडले तर ते एकाएकी वाढते. भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नका. जाऊन-येऊन सारा दिवस लागतो. सवय नसेल तर कासापर्यंत सायकली टेंपोत टाकून न्या, आणि अंधारापूर्वी परत फिरा.

खर्च म्हणाल तर भाकरी-चटणीचा. पण दुसऱ्या दिवशी पाट फोडून शेतात पाणी घ्याल, तेव्हा ते किती डोंगर उतरून आणि कोणाच्या शिवारावरून आले हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असेल. मग पाणी वाया घालवायला हात धजणार नाही, आणि पाणीवाटपाच्या बैठकीत बोलताना शब्दही अडणार नाही.