गोष्ट की कादंबरी? मुलाची कल्पना कशी तपासावी



एखादं मूल वही पुढे करून म्हणतं, "मला कादंबरी लिहायचीय." आपण "छान!" म्हणून मोकळे होतो. दहा पानांत गोष्ट आटपते आणि मुलाला वाटतं, आपल्याला लिहिताच येत नाही. खरं तर त्याची कल्पना गोष्टीची असते, कादंबरीची नसते. हा फरक वेळीच सांगितला तर लिहिणारं मूल टिकतं. मग फरक ओळखायचा कसा? पुढील तीन प्रश्न विचारून बघा.

१) एका घटनेत प्रश्न मिटतो का?
भुसावळ स्टेशनवर हमालाला पाकीट सापडतं. त्याने परत केलं की विषय संपला. ही कथा झाली, तिला ताणू नये. पण त्याच हमालाच्या मुलाला बापाचं काम सांगायची लाज वाटते, असं म्हटलं तर? शाळा, नोकरी, लग्न, बापाचं म्हातारपण, ही लाज सगळीकडे सोबत येते. इथे कादंबरीला जागा आहे.

२) माणूस बदलतो का?
आपल्या शेजारच्या यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) घ्या. खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला जातो आणि फारसं काही हाती न लागता परत येतो. ना खून, ना रहस्य! पण वडिलांशी बिनसणं, पुण्याचे दिवस, धाकट्या मनीचा देवीच्या रोगाने मृत्यू, यातून जाताना पांडुरंग सांगवीकर पहिल्यासारखा राहत नाही. तेवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहते.

३) प्रसंगांना जोडणारा धागा आहे का?
अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त ४२ रात्री आहेत. त्यातली एकेक रात्र सुटी वाचता येते, म्हणून तर पाठ्यपुस्तकात धडा म्हणून घेता येते. पण आई आणि श्याम यांचं नातं रात्रीगणिक वाढत जातं, म्हणून ते एक पुस्तक होतं. नुसते प्रसंग एकापुढे एक ठेवले तर तो गोष्टींचा संग्रह होईल.

वर्गात किंवा घरी हा उपक्रम करून पहा. मुलाला कल्पना एका ओळीत लिहायला सांगा. मग "पुढे काय झालं?" ऐवजी "म्हणून काय झालं?" असं विचारत रहा. दहा उत्तरं आली तर वही जाड घ्या. तिसऱ्यालाच थांबलं तर त्याला सांगा, "ही कथा आहे, चार पानांत झकास लिही." चार पानांची पूर्ण कथा अर्धवट कादंबरीपेक्षा मुलाला जास्त शिकवते.