डावपेचप्रधान व्हिडिओ गेममधील करुणरस : एक विवेचन
शोझो कागा यांची रचना असलेला 'फायर एम्ब्लेम : जिनिऑलॉजी ऑफ द होली वॉर' हा गेम निन्टेन्डोने १९९६ साली जपानमध्ये प्रसिद्ध केला. त्याचे पाचवे प्रकरण येथे विचारार्थ घेतले आहे. चौकटींच्या पटावर खेळाडू सिगुर्डचे सैन्य हलवतो. गमावलेला योद्धा सहसा परत मिळत नाही. म्हणून प्रत्येकाला जपत तो लढाई जिंकतो. त्यानंतर स्वागताच्या मिषाने आर्विस सिगुर्डचा घात करतो; सिगुर्डची हरवलेली पत्नीही स्मृती गमावून आर्विसची पत्नी म्हणून समोर येते. या क्षणी खेळाडूच्या हाती एकही चाल नसते. शोकान्तिकेचा प्रेक्षक केवळ साक्षी असतो. येथे मात्र स्वतः मिळवलेला विजयच खेळाडूला विनाशाकडे नेतो. पुढील पिढी मातापित्यांची कौशल्ये व शस्त्रे घेऊन उभी राहते, तेव्हा त्याचे श्रम वारसारूपाने उरल्याचे जाणवते. सारांश, येथील करुणरस कथेइतकाच खेळाच्या नियमांतून निष्पन्न होतो.