घटस्फोटाची बोलणी आणि विश्वासाचा मध्यस्थ

लग्न जमविताना व्यापारी घराण्यांत मध्यस्थ असतोच. ते मोडताना मात्र दोन्हीकडची मंडळी थेट वकिलाकडे धाव घेतात आणि घरातील गोष्ट बाजारात पोहोचल्यावर मध्यस्थाची आठवण होते. तोवर परस्परांवरील आरोप अर्जात उतरलेले असतात.

हिंदू विवाह कायदा, १९५५ जैनांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात आलेले कलम १३-ब परस्पर संमतीच्या घटस्फोटाची वाट देते. पती-पत्नी किमान एक वर्ष विभक्त राहिलेली असावीत आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे, असा नियम आहे. योग्य प्रकरणी ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. मात्र हुकूमनामा होईपर्यंत कोणाही एकाला संमती मागे घेता येते. दडपणाखाली मिळविलेली सही म्हणूनच टिकत नाही.

मध्यस्थ कोण असावा? मुलाचा मामा नको, मुलीचा काका नको, आणि ज्याची ठेव पेढीत गुंतली आहे तोही नको. जुना चार्टर्ड अकाउंटंट सोयीचा वाटतो. पण तो पेढीचाच लेखापरीक्षक असेल तर सुनेने त्याच्यावर का विसंबावे? “पोरी, थोडे सोस” म्हणणारा वडीलधारा हा मध्यस्थ नव्हेच. जिथे मारहाण किंवा भीती आहे, तिथे घरगुती बैठक बसवूच नये. न्यायालयाचे संरक्षण आधी घ्यावे.

बोलणी सुरू होण्यापूर्वी स्त्रीधनाची यादी वेगळी करावी. स्त्रीधनावर पत्नीचीच मालकी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले आहे. तिचेच दागिने परत देऊन ते पोटगीत वळते करणे हा हिशेब नव्हे. पोटगी एकरकमी की दरमहा, हाही प्रश्न करासह तपासावा: मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निर्णयानुसार एकरकमी रक्कम भांडवली जमा, तर दरमहाची रक्कम उत्पन्न ठरते. मुलांच्या ताब्याचा आणि खर्चाचा करार झाला तरी न्यायालय मुलांचे हित स्वतंत्रपणे पाहते.

सर्वांत दुर्लक्षित बाब बँकेच्या कागदांत असते. अनेक पेढ्यांत सून नावापुरती भागीदार असते. कॅश क्रेडिटसाठी तिची वैयक्तिक हमीही घेतलेली असते. पती-पत्नींनी आपसांत काहीही ठरविले, तरी त्या कराराने बँक बांधली जात नाही. पेढी पुढे थकबाकीत गेली, तर वसुलीची नोटीस घटस्फोटित स्त्रीच्या माहेरच्या पत्त्यावर येऊ शकते. भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे निवृत्तीची जाहीर सूचना होईपर्यंत निवृत्त भागीदाराची तिसऱ्या पक्षाप्रती जबाबदारी चालू राहते. नोंदणीकृत पेढीची सूचना निबंधकाला द्यावी लागते, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतील वृत्तपत्रातही छापावी लागते. तरीही निवृत्तीपूर्वीची देणी आपोआप सुटत नाहीत. हमीतून मुक्त केल्याचे बँकेचे लेखी पत्रच लागते.

असे पत्र देण्यापूर्वी बँक बहुधा दुसरा हमीदार किंवा वाढीव तारण मागते. ते सासरे देणार की धाकटा दीर, आणि किती दिवसांत, हे मध्यस्थाने पहिल्याच बैठकीत विचारून लिहून घ्यावे. शेवटच्या सहीच्या दिवशी हा प्रश्न निघाला, तर महिन्यांची बोलणी तिथेच अडते.