परीक्षानळीतील राणी

'मुंगीला पंख फुटले' असे आपल्याकडे म्हणतात, तेव्हा त्यात कौतुक नसते. नाश जवळ आल्याची ती सूचना असते. हा वाक्प्रचार लोकांनी उगाच बनविलेला नाही. पावसाळ्याच्या आरंभी एखाद्या दमट सायंकाळी वारुळातून पंख असलेल्या मुंग्या थव्याथव्याने बाहेर पडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गळलेल्या पंखांचा व मृत देहांचा सडा पडलेला दिसतो. (दिव्याभोवती घिरट्या घालून आपल्या ताटात पडणारे पंखवाले किडे मात्र बहुधा मुंग्या नसतात, ती वाळवी असते. मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीला कंबर अशी नसतेच, एवढे लक्षात ठेवले म्हणजे ओळख पटते.)

परंतु त्या सड्यातील सगळेच पंख मृतांचे नसतात. उड्डाणानंतर नर लवकरच मरतात, हे खरे. मादी मात्र जमिनीवर उतरते, आपले पंख आपल्याच पायांनी ओढून तोडून टाकते आणि लपण्यासाठी एखादी फट शोधू लागते. पंख गळाले, की तिचा संसार सुरू होतो. तिला त्या फटीत जाऊ न देता कोणी अलगद उचलले आणि एका परीक्षानळीत ठेवले, तर पुढे काय होते? आज जगातील अनेक देशांत, विशेषतः जर्मनीत, मुले व मोठी माणसेही हा छंद जोपासतात. कुत्रा, मांजर किंवा पोपट पाळावा, तशा ती मुंग्या पाळतात. आणि त्यांतही त्यांची आवड आहे ती दूरदेशीच्या सुतार मुंग्यांची.

सुतार मुंग्यांना शास्त्रज्ञ 'कॅम्पोनोटस' असे म्हणतात. या कुळात एक हजाराहून अधिक जाती आहेत. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील काळी सुतार मुंगी मेलेल्या झाडांच्या खोडांत व कधीकधी घरांच्या तुळयांतही आपल्या बळकट जबड्यांनी दालने व बोळ कोरते. कोरताना निघालेला भुसा ती बाहेर आणून टाकते. तेव्हा ती लाकूड खाते, हा समज चुकीचा आहे. लाकूड खाते ती वाळवी. सुतार ज्याप्रमाणे लाकडाचे घर करतो पण लाकडावर जेवत नाही, त्याप्रमाणेच हे आहे. या कुळातील सर्वच मुंग्या सुतारकाम करतात असेही नाही. तुमच्या ओळखीचा मुंगळा घ्या. तो झाडाच्या बुंध्याशी जमिनीत राहतो, गुळाच्या ढेपेला चिकटतो, हात लावल्यास कडकडून चावतो. तोही या सुतारकुळातलाच, जरी त्याने आयुष्यात एक ढलपीसुद्धा काढलेली नसली! या मुंग्यांना नांगी नसते. त्या चावतात व जखमेवर फॉर्मिक आम्ल उडवितात, म्हणून आग होते.

युरोपातील छंदी लोकांच्या घरी जी परदेशी सुतार मुंगी पुष्कळदा आढळते, तिचे नाव ऐकून आपल्याला नवल वाटेल. तिला 'निकोबारी' सुतार मुंगी म्हणतात. ऑस्ट्रियाची 'नोव्हारा' नावाची युद्धनौका १८५७ ते १८५९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली होती. १८५८ साली ती निकोबार बेटांना लागली. त्या सफरीत जमविलेल्या मुंग्यांचा अभ्यास व्हिएन्ना येथील गुस्ताव मायर या कीटकशास्त्रज्ञाने केला आणि १८६५ साली या मुंगीचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव निकोबारचे असले तरी ती आग्नेय आशियातही राहते. तांबूस अंगाची आणि मागे काळसर पोट असलेली ही मुंगी दिसण्यात सुबक आहे. हिच्या एकाच वारुळात अनेक राण्या गुण्यागोविंदाने नांदू शकतात. आणि ती उष्ण प्रदेशातील असल्यामुळे तिला हिवाळ्याची झोप लागत नाही. युरोपच्या थंड अरण्यांतील सुतार मुंग्यांना मात्र शरद ऋतूपासून वसंतापर्यंत विश्रांती द्यावीच लागते. पाळणाऱ्याने ती दिली नाही, तर त्यांचे कुटुंब खंगत जाते.

आता ती परीक्षानळी पाहू. नळीच्या तळाशी थोडे पाणी भरतात आणि त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवितात. बोळा भिजून राहतो, पण पाणी पुढे वाहत नाही. मधल्या मोकळ्या जागेत राणीला सोडून नळीचे तोंड दुसऱ्या बोळ्याने बंद करतात. एवढाच तिचा महाल. त्यात अन्न ठेवीत नाहीत. हे वाचून तुम्हाला तो मनुष्य निर्दय वाटेल. पण निसर्गातही ही राणी आपले बीळ आतून लिंपून घेते आणि पहिली संतती मोठी होईपर्यंत उपाशी राहते. मग ती जगते कशावर? तिच्या पाठीत पंख हलविणारे मोठे स्नायू असतात. पंख गेल्यावर त्या स्नायूंचे काम संपते. ते हळूहळू विरघळतात आणि त्यांतून व शरीरातील चरबीतून पोषक रस तयार होतो. तोच रस ती स्वतः वापरते आणि तोच आपल्या अळ्यांच्या तोंडात घालते. ज्या बळावर ती आकाशात गेली, तेच बळ ती लेकींना भरविते, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही.

या काळात पाळणाऱ्याचे काम एकच: नळी अंधारात, उबदार जागी ठेवणे आणि तिला हात न लावणे. मोठमोठ्यांना हेच साधत नाही. आमच्या शाळेच्या बागेत वालाचे बी पेरून, मोड आला की नाही हे पाहण्यासाठी ते रोज उकरणारा एक विद्यार्थी मला आठवतो. त्याचे बी रुजले नाही, हे सांगायला नकोच. वारंवार उजेड आणि हादरा बसल्यास राणी घाबरते आणि आपलीच अंडी खाऊन टाकते. यात क्रौर्य नाही, हिशेब आहे. घातलेले अन्न ती परत घेते, कारण तिच्या शरीरातील शिदोरी मोजकी असते. म्हणून जाणते लोक आठवड्यातून एकदा, क्षणभर पाहतात व नळी पुन्हा झाकतात.

अंड्यांतून पांढऱ्या अळ्या निघतात. अळी पुरेशी वाढली, की ती आपल्याभोवती रेशमी कोष विणते. तपकिरी, लांबट अशा या कोषांनाच पुष्कळ लोक 'मुंग्यांची अंडी' समजतात. खरी अंडी याहून कितीतरी लहान असतात. उबदार हवेत सुमारे दीड-दोन महिन्यांनी कोष फोडून पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येतात. त्या अंगाने लहान असतात, कारण आईची शिदोरीच थोडी होती. पण त्या आल्या, की राणीचे उपासाचे दिवस संपतात. आता नळीत मधाचा एक थेंब व एखाद्या माशीचा तुकडा ठेवावा लागतो. गोड पदार्थ मोठ्या मुंग्यांना काम करण्यासाठी लागतो, तर किड्याचे मांस अळ्यांना वाढण्यासाठी. केवळ साखर देणाऱ्याच्या घरी अळ्या वाढत नाहीत आणि त्याला कारण कळत नाही.

मुंगीला दोन पोटे असतात, ही गोष्ट काचेमागे फार छान दिसते. एक पोट तिचे स्वतःचे आणि दुसरे, त्याच्या अलीकडची एक पिशवी, सर्वांचे. मध पिऊन आलेल्या मुंगीचे उदर फुगून त्यावरील पट्टे एकमेकांपासून दूर सरकतात. मग दुसरी मुंगी तिला मिशांनी स्पर्श करते, दोघी तोंडाला तोंड लावतात आणि पिशवीतला थेंब एकीकडून दुसरीकडे जातो. अशा रीतीने एका मुंगीने प्यालेला मध थोड्याच वेळात घरभर वाटला जातो. फ्लोरिडातील सुतार मुंग्यांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की या थेंबातून केवळ अन्न जात नाही. वाढीवर परिणाम करणारी द्रव्येही त्यातून अळ्यांपर्यंत पोहोचतात.

घर वाढले, की नळी अपुरी पडते. मग प्लॅस्टरच्या किंवा काचेच्या दालनांचे घर आणि त्याला जोडून अन्नासाठी एक उघडे तबक, अशी व्यवस्था करतात. तबकाच्या काठाला आतून तेलाचा हात फिरवितात, म्हणजे मुंग्यांचे पाय घसरतात. ही कल्पना आजची नाही. इंग्लंडमधील सर जॉन लबक हे व्यवसायाने पेढीवाले आणि पार्लमेंटचे सभासद होते. मुंग्यांसाठी त्यांनी काचेच्या दोन तावदानांमध्ये माती भरून घरे केली. भोवती पाण्याचा खंदक ठेवला. मुंग्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन ते एकेकीला ओळखीत. मुंग्यांना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही, पण आपल्या डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण त्या टाळतात, हे त्यांनी दाखवून दिले. यामुळेच आजही मुंग्यांच्या काचघरावर तांबडा पडदा घालतात. लबक यांचे मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्यांवरील पुस्तक १८८२ साली निघाले. त्यांच्याकडे १८७४ साली आलेली एक राणी १८८८ सालापर्यंत जगली. ती सुतार मुंगी नव्हती, पण मुंग्यांच्या राण्या किती दीर्घायुषी असतात, हे तिने जगाला कळविले. काळ्या बागमुंगीची एक राणी तर पाळलेल्या स्थितीत अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. पाचवीतल्या मुलाने आणलेली राणी, तो नोकरीला लागला तरी अंडी घालीत असेल!

धीराने पाहणाऱ्याला काय दिसू शकते, याचे एक उदाहरण सांगतो. जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठाचे एरिक फ्रँक व त्यांचे सहकारी फ्लोरिडाच्या सुतार मुंग्यांचे निरीक्षण करीत होते. जखमी मुंगीजवळ तिची बहीण येते, तिची जखम चाटते आणि जखम मांडीला असेल तर तो पाय खुब्याजवळून कुरतडून तोडून टाकते. जखमी मुंगी शांतपणे पाय पुढे करून राहते. या कामाला चाळीस मिनिटे तरी लागतात. मांडीच्या जखमेत जंतू शिरले आणि पाय तसाच राहिला, तर शंभरांपैकी चाळीसांहून कमी मुंग्या वाचत; पाय तोडल्यावर नव्वदांहून अधिक वाचल्या. परंतु जखम पोटरीला असेल, तर त्या पाय तोडीत नाहीत. केवळ चाटून स्वच्छ करतात, आणि तेवढ्याने पंधराऐवजी पंचाहत्तर वाचतात. हा भेद का? मांडीत शरीरद्रव खेळविणारे स्नायू आहेत. ते दुखावले, की द्रव मंद वाहतो आणि विषही मंद पसरते, म्हणून पाय तोडण्यास अवधी मिळतो. पोटरीच्या जखमेतून मात्र जंतू इतके त्वरेने आत जातात, की चाळीस मिनिटांत उशीर झालेला असतो. हा शोध २०२४ साली प्रसिद्ध झाला.

या छंदाची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असली पाहिजे. परदेशी राणी येते कोठून? कोणीतरी ती तिच्या भूमीतून उचललेली असते. २०२५ सालच्या एप्रिल महिन्यात आफ्रिकेतील केनिया देशात बेल्जियमचे दोन तरुण पकडले गेले. त्यांच्याजवळ परीक्षानळ्यांत कापसासह बंद केलेल्या सुमारे पाच हजार मुंग्या सापडल्या. त्या धान्य गोळा करणाऱ्या जातीच्या होत्या, सुतार मुंग्या नव्हत्या. पण त्या परदेशांतील अशाच छंदी लोकांकडे जाणार होत्या. मे महिन्यात न्यायालयाने प्रत्येकाला दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा एक वर्षाचा कारावास ठोठावला. मुंगीसाठी एवढी शिक्षा! असे कोणाला वाटेल. पण उचललेली प्रत्येक राणी म्हणजे न झालेले एक वारूळ आहे. आणि ते वारूळ तेथील माती भुसभुशीत करणार होते, गवताचे बी दूरवर नेणार होते.

शिवाय आलेली पाहुणी निसटली तर? दक्षिण अमेरिकेतील अग्निमुंगी १९३०च्या दशकात जहाजी मालातून अमेरिकेच्या मोबील बंदरात उतरली आणि पुढे तिने तेथील दक्षिणेकडची राज्ये व्यापली. तिला कोणी हौसेने आणले नव्हते, तरी ही गत! उष्ण देशांतील चिमुकली फॅरो मुंगी युरोपात बाहेरच्या थंडीत टिकत नाही, पण ऊब असलेल्या इमारतींत, रुग्णालयांतसुद्धा, तिने ठाण मांडले आहे. म्हणून अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राणी मुंगी नेण्यासही सरकारी परवाना लागतो. आणि म्हणूनच कंटाळा आला तरी परदेशी मुंग्या बागेत सोडता येत नाहीत. दुसऱ्या जबाबदार माणसाकडे त्या सोपवाव्या, नाही तर बर्फाच्या कपाटात ठेवून त्यांचा शेवट करावा, एवढेच मार्ग उरतात. तो शेवटचा मार्ग ज्याच्याने धरवणार नाही, त्याने आरंभीच विचार केलेला बरा. मला स्वतःला तो धरवला नसता.

मुंगळ्याला मात्र ना परवाना लागतो, ना परीक्षानळी. सायंकाळी त्याच्या वाटेवर, पानाच्या तुकड्यावर गुळाच्या पाण्याचे चार थेंब ठेवा आणि हातभर दूर बसा. पहिला मुंगळा पिऊन निघाला, की त्याच्या उदराकडे नीट पाहा. पट्टे एकमेकांपासून दूर सरकून मधली पातळ त्वचा चकाकताना दिसेल. मग तो वाटेत कोणाकोणाला थांबवितो आणि किती वेळ थांबवितो, हे मोजून वहीत लिहा.