धर्माच्या पाटीमागची रमाबाई

धर्म बदलला आणि पंडिता रमाबाईंचे नाव मराठी घरांतून जवळजवळ पुसले गेले. ते नाव पुन्हा वाचता यावे म्हणून मीरा कोसंबी या संशोधिकेने पाव शतकाहून अधिक काळ जुनी पत्रे, पुस्तके आणि वर्तमानपत्रे चाळली. एका अभ्यासू आयुष्याची ही ओळख.

बंगळूरच्या वायव्येला, तुमकूर रस्त्याच्या कडेने पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. पाळी सुटण्याच्या वेळी इथे क्षणभर उभे राहावे. तयार कपड्यांच्या कारखान्यांतून बायकांचे लोंढे बाहेर पडतात. हातात रिकामा डबा, खांद्याला पिशवी आणि डोक्यात घरी जाऊन टाकायच्या भाताचा हिशेब. दिवसभर साऱ्याजणी शेजारी शेजारी बसून सारखीच शिलाई मारतात. पण रस्त्यावर आल्या की बघणाऱ्याचे डोळे त्यांची वाटणी करून टाकतात. ही मंगळसूत्रवाली, ती बुरख्यातली, ती गळ्यात क्रॉस घातलेली. बाईच्या हातात कसब काय आहे, तिच्या पगारावर किती तोंडे अवलंबून आहेत, हे प्रश्न मागाहून. आधी धर्म!

ही सवय काही आजची नाही. पीण्यावरून जाणारा हमरस्ता पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत पुण्याला पोचतो. त्या पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका विदुषीच्या वाट्याला हेच आले. तिची विद्वत्ता, तिची जिद्द, तिने उभे केलेले काम, सारे बाजूला राहिले आणि कपाळावर एकच पाटी चिकटली, 'ख्रिस्ती झालेली बाई'. ती पाटी बाजूला सारून मागची व्यक्ती वाचायचा प्रयत्न मीरा कोसंबी यांनी केला.

गंगामूळची मुलगी

रमाबाई मूळच्या कर्नाटकाच्याच डोंगरातल्या. आजच्या चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या गंगामूळ या रानात १८५८ साली त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. पुढे आईने मुलीला शिकवले. तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. रमाबाई भावासोबत १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या, तेव्हा तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. पुढे भाऊ गेला. परजातीच्या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केले. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत तेही पटकीने गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन १८८२ साली रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढे साक्ष देऊन, मुलींना शिकवायला स्त्री शिक्षक आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हवेत, असे ठणकावून सांगितले.

इथपर्यंत पुणे त्यांच्यावर खूश होते. पण १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परत येऊन १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. ते पुढच्याच वर्षी पुण्यात आणले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असे ठरले होते. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असे कळताच गहजब झाला. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतरचे रमाबाईंचे काम केडगावच्या मुक्तिसदनात झाले आणि मराठी समाजाने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

सुरुवात शहरांपासून

मीरा कोसंबी यांचा जन्म १९३९ सालचा. वडील दामोदर धर्मानंद कोसंबी म्हणजे गणिती आणि प्राचीन भारताचे गाजलेले इतिहासकार. आजोबा धर्मानंद कोसंबी म्हणजे गोव्याच्या साखवाळ गावातून बौद्ध धर्माच्या शोधात बाहेर पडलेले पाली पंडित. अशा घरातल्या मुलीला विद्या वारशानेच मिळते, असे आपण सहज म्हणतो. पण मीराबाईंनी वडिलांची वाट धरली नाही. त्यांनी समाजशास्त्र घेतले आणि स्वीडनमध्ये स्टॉकहोम विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली. विषय होता मुंबई आणि पुणे या दोन शहरांची घडण. इंग्रज आले तेव्हा किल्ला कुठे झाला, देशी वस्ती कुठे ढकलली गेली, कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची माणसे कुठे स्थिरावली, हे त्यांनी तपासले. १९८६ साली मुंबईवरचे त्यांचे पुस्तक आले.

शहराच्या नकाशावरून बायकांच्या आयुष्याकडे वळणे हा तसा मोठा पालट. पण दोन्हींत एक धागा आहे. परक्या राजवटीने माणसांना कप्प्यांत बसवले आणि आपलीही माणसे त्या कप्प्यांना चिकटून बसली. मग त्या कप्प्यांत बाईची जागा कोणती?

मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यास संशोधन केंद्राच्या संचालक म्हणून त्यांनी काम केले. देशातल्या या पहिल्या केंद्राची स्थापना १९७४ सालची. इथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. शारदा सदनात शिकलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. १८९३ साली, सदनावर वादळ आले त्याच वर्षी, तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, ते हेच. ज्या रमाबाईंना आपण विसरलो, त्यांच्या हातची एक पणती या विद्यापीठाच्या पायाशी तेवत होती!

चर्चलाही तोच जाब

१९८८ पासून मीराबाईंचे रमाबाईंवरचे लेख येऊ लागले. १९९२ च्या एका लेखात त्यांनी नेमका अवघड प्रश्न हाती घेतला. ख्रिस्ती धर्म, चर्च आणि इंग्रजी राज्य या तिन्हींकडे रमाबाई कशा पाहत होत्या? आपल्याकडे समजूत अशी, की धर्म बदलला म्हणजे बाई साहेबांच्या कच्छपी लागली. रमाबाईंची इंग्लंडमधली पत्रे मात्र वेगळेच सांगतात.

तिथे रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी सूचना आली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी त्यांना खरमरीत उत्तर दिले. आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभेत बोललो आहोत, मग इथेच बंदी का? क्रॉसवर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. चर्चची शिकवण बुद्धीला पटल्याशिवाय त्या मान डोलवेनात. मठातल्या सिस्टर त्यांना गर्विष्ठ म्हणत. पुण्याचे शास्त्रीही तेच म्हणत होते!

इंग्रज सरकारलाही त्यांनी सोडले नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या रुग्णालयात बायकांचे जे हाल झाले, त्यावर त्यांनी जाहीरपणे लिहिले. अमेरिकेवरच्या १८८९ च्या मराठी पुस्तकात तिथल्या लोकशाहीची आणि स्त्रियांच्या संस्थांची वाखाणणी केली, तसा काळ्यांवरच्या अन्यायावर ठपकाही ठेवला. या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद मीराबाईंनी २००३ साली प्रसिद्ध केला. गोऱ्यांनी आपल्याला न्याहाळायचे हा त्या काळाचा रिवाज, आणि इथे एक मराठी बाई त्यांना न्याहाळत होती.

याचा अर्थ रमाबाईंचे सारेच बरोबर होते असा नाही. तटस्थतेचे वचन आणि स्वतःची श्रद्धा यांची ओढाताण त्यांना पुरती सोडवता आली नाही. पण त्यांनी धर्म बदलताना आपली बुद्धी कुणाकडे गहाण टाकली नाही, हे त्यांचेच शब्द वाचल्यावर पटते.

आजोबांचा शोध आणि रमाबाईंचा

इथे कोसंबी घराण्याचीच गोष्ट आठवते. १८९९ साली तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून धर्मानंद घराबाहेर पडले. बुद्धाचा धर्म शिकण्यासाठी वणवण हिंडले. १९०२ साली सिंहलद्वीपात त्यांनी बौद्ध दीक्षा घेतली. मराठी समाजाने त्यांचा गौरवच केला, आणि तो रास्तच होता. त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र नातीने इंग्रजीत आणले. ते २०११ साली प्रसिद्ध झाले.

दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. बुद्ध आपल्या मातीतला, ख्रिस्ती धर्म राज्यकर्त्यांचा. तरीही मनात येतेच. पुरुष सत्याच्या शोधात घर सोडतो तेव्हा आपण त्याला साधक म्हणतो. बाई तीच वाट वेगळ्या दिशेने धरते तेव्हा तिला बाटलेली म्हणतो. असे का?

फक्त कौतुक नव्हे

मीराबाई एका रमाबाईंवर थांबल्या नाहीत. संमतिवयाच्या कायद्यावर त्यांनी लिहिले. १८९१ साली मुलीचे संमतिवय दहावरून बारा करायचे ठरले, तर धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. त्या गदारोळात बालवधूच्या जिवाचे काय, हे विचारायला फारसे कुणी तयार नव्हते. चोरून अक्षरे गिरवून लेखिका झालेल्या काशीबाई कानिटकरांवर त्यांनी पुस्तक केले. डॉ. आनंदीबाई जोशींवरही त्या लिहीत राहिल्या. आपण आनंदीबाईंची आरती करतो. मीराबाईंनी आरती केली नाही. नवऱ्याचा जाच सोसणारी ही मुलगी अमेरिकेत मात्र बालविवाहाची बाजू मांडते, हा पेच त्यांनी लपवला नाही, उलट समजून घेतला. परमुलखात आपल्या देशाची लाज राखायची की आपले दुःख सांगायचे? परक्या राज्यातल्या शिकलेल्या बाईपुढचा हा खरा कोंडमारा होता.

फेब्रुवारी २०१५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. रमाबाई आणि आनंदीबाई यांच्यावरची त्यांची पुस्तके त्यानंतरही प्रसिद्ध झाली.

या कामाचा घरात बसलेल्या वाचकाला उपयोग काय, असे कुणी विचारील. उपयोग आहे. आपल्या घराण्यातही अशी एखादी आत्या, एखादी मावशी असते. परधर्मात लग्न केले किंवा वेगळ्या देवाला हात जोडले म्हणून जिचा फोटो भिंतीवरून उतरवला गेला. तिची पत्रे कुठल्याशा ट्रंकेत पडलेली असतात. ती एकदा काढून वाचावीत. ती बरोबर होती की चूक, हे नंतर ठरवू. निदान तिचे म्हणणे तिच्या शब्दांत ऐकून घ्यावे.

पीण्याच्या फाटकातून उद्याही बायकांचे लोंढे बाहेर पडतील. कुणाच्या कपाळावर काय आणि गळ्यात काय, हे डोळ्यांना दिसणारच. पण त्याआधी त्यांचे शिवून शिवून रापलेले हात दिसले, तर रमाबाईंची आणि त्यांना शोधणाऱ्या मीराबाईंची मेहनत आपल्यापर्यंत पोचली असे म्हणता येईल.